शंका आली तर लिफ्ट बंद

फळ्यावर बिट्टीने चार शब्द लिहिले होते. सचोटी. गुणवत्ता. नावीन्य. ग्राहकांचं समाधान. ताई ते पुन्हा पुन्हा वाचत होती, पण डोक्यात घुमत होता तो उंच मिस्त्रीचा सकाळचा फोन.

"ताई, लिफ्ट मजल्याच्या खाली उतरून थांबली. चांगली वीतभर. आत दोन बायका होत्या, त्यांना हात देऊन वर घेतलं. ब्रेकचा नट आवळून चालू करून दिलीय, पण..." तो जरा अडखळला होता. "स्प्रिंगमध्ये दम नाही असं वाटतंय. नव्याच आहेत ना त्या?"

"बघते मी," एवढंच म्हणून तिने फोन ठेवला होता. त्याला तास होऊन गेला. धाकट्याला सांगायला हवं होतं. पण धाकटा टेबलाच्या पलीकडे दादाला खेटून बसला होता, आणि दादासमोर हा विषय काढायचा नाही, हे दोघा बहीणभावांनी चार महिन्यांपूर्वीच ठरवलं होतं.

शनिवार असल्याने कारखान्यात अर्धेच लोक होते. बैठकीच्या खोलीच्या काचेतून खाली एकच लेथ चालू दिसत होतं. सोमवारी मोठ्या रुग्णालयाची माणसं येणार होती. त्यांच्या नव्या इमारतीत चौदा लिफ्ट बसवायच्या होत्या, आणि कंपनी निवडण्याआधी त्यांनी एक कागद मागितला होता: तुमच्या कंपनीची मूल्यं कोणती, आणि ती रोजच्या कामात कशी दिसतात? दादाची मुलगी बिट्टी शिक्षण संपवून वर्षापूर्वीच ऑफिसात आली होती. तिने हे काम अंगावर घेतलं आणि घरच्यांना फळ्यासमोर बसवलं. माईलाही सोडलं नाही. "कंपनी निघाली तेव्हा यातलं कुणी शाळेतसुद्धा जात नव्हतं आजी. तुझ्याशिवाय कसं ठरवणार?" या एका वाक्यावर माई ठेवणीतला चष्मा लावून आली होती.

"हे शब्द कुठले?" दादाने विचारलं.

"काकाने दिले. आपल्या जुन्या माहितीपत्रकातले."

"चांगले आहेत की," धाकटा म्हणाला. "फ्रेम करू, भिंतीवर लावू आणि जेवायला जाऊ."

"थांब ना काका. मला सांग, 'आम्ही लबाड आहोत, आमचा माल टाकाऊ आहे' असं कुठली कंपनी लिहील?"

"वेडी आहेस का? कोण लिहील?"

"मग 'सचोटी' लिहून आपण सांगितलं काय? जे कुणीही लिहील ते पुसायचं." तिने ओल्या फडक्याने चारही शब्द पुसून टाकले. "ज्याच्यापायी आपण कधीतरी काही सोडलं, कुणाचा तरी राग ओढवून घेतला, ते आपलं मूल्य. बाकी नुसती सजावट."

दादा हसला. ऑपरेशननंतर तो इतका वाळला होता की मनगटावरचं घड्याळ कोपराकडे घसरत होतं. हृदयाचं काम, अजून सहा महिने तरी त्याला कसला धक्का बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तेव्हापासून घरात आणि ऑफिसात सगळे त्याच्याशी काचेच्या भांड्याशी वागावं तसं वागत होते. त्याला हसताना बघून ताईने नजर फळ्याकडे वळवली.

"मग तुझ्या आजोबांचं ऐक," माई म्हणाली. "एका कापडदुकानाची लिफ्ट होती. तीन मजल्यांचं दुकान, उद्घाटनाचा दिवस, दारात ही गर्दी! अण्णा सकाळी लिफ्टमधून एकदा वर गेले, खाली आले आणि म्हणाले, आवाज बरोबर नाही. मी तिथेच होते. मला तर कसला आवाज ऐकू आला नाही. पण हे म्हणाले, शंका आली, आता लिफ्ट बंद. मालक आधी हात जोडत होता, मग शिव्यांवर आला. हे आपले स्विच उपसून खिशात घालून घरी."

"स्विच नाही माई, फ्यूज," दादा म्हणाला.

"तेच ते. मालकाने पुढे दहा वर्षं रस्त्यात ओळख दिली नाही."

"आणि आत खरंच काही बिघडलं होतं?" बिट्टीने विचारलं.

"छे. कसलासा वॉशर सैल होता. लिफ्ट चालली असती म्हणे वर्षभर."

हेच तर बिट्टी शोधत होती! बिघाड नव्हता, नुसती शंका होती, तरी माणसाने भरल्या गर्दीत काम थांबवलं आणि दहा वर्षांची नाराजी घेतली. तिने मोठ्या अक्षरात फळ्यावर लिहिलं: शंका आली तर लिफ्ट बंद.

दादा जड आवाजात म्हणाला, "हे आपलं. हे अण्णांचं आहे. हेच लिही."

"लिहिते बाबा. पण प्रश्नाचा दुसरा भाग राहिला. कामात कसं दिसतं? अण्णा आजोबांची गोष्ट चाळीस वर्षांपूर्वीची आहे. गेल्या वर्षातलं एखादं उदाहरण हवं." ती ताईकडे वळली. "आत्या, तपासणी तुझ्याकडे आहे. शंकेवरून आपण शेवटची लिफ्ट कधी बंद केली?"

"आठवत नाही," ताई म्हणाली.

बिट्टी खडू हातात धरून तशीच उभी राहिली. आत्याला आठवत नाही? कोणत्या इमारतीची दोरी कोणत्या महिन्यात बदलली हे जी आत्या जेवताना कुणी विचारलं तरी घडाघडा सांगते, तिला? आत्याचे दोन्ही हात टेबलाखाली होते आणि चेहऱ्यावरचं रक्त कुणी काढून घ्यावं तसा तो पांढरा पडला होता.

"अगं, असतील की दहा," काका घाईने म्हणाला. "रजिस्टर बघून सोमवारी घालू एखादं."

"सोमवारी नाही काका, आज. बनवून घातलेलं ओळखतात लोक."

"बनवून कोण म्हणतंय?" काकाचा आवाज चढला. इतका की लेथवरच्या माणसानेही वर बघितलं. बिट्टीला पहिल्यांदाच वाटलं, की या खोलीत आपल्याला माहीत नसलेलं काहीतरी बसलेलं आहे.

सगळे गप्प झाले की माईला बोलावंसं वाटे. तिने विषय बदलावा म्हणून गुडघ्यावर हात ठेवला. "तुमचं चालू द्या. माझ्या गुडघ्यांना मात्र अजून आराम नाही. गेल्या आठवड्यात या धाकट्याच्या घरी गेले होते ना, याने मला सहा मजले चालवत नेलं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टाकून बसवायचा, पण लिफ्टमध्ये काही घातलं नाही. पोरं बिचारी दप्तर घेऊन रोज चढतात. व्यायाम म्हणे!"

"माई..." धाकटा म्हणाला.

त्याला वाटलं होतं, हे आपल्या घरापुरतं राहील. चार महिन्यांपूर्वी दादा अतिदक्षता विभागात होता आणि कंपनीची सगळी कामं पहिल्यांदाच एकट्या धाकट्याच्या गळ्यात पडली होती. नऊ इमारतींना तारखा देऊन ठेवलेल्या. ब्रेकच्या चोवीस स्प्रिंगा आल्या. ताईने नेहमीसारख्या सहा बाजूला काढून लाल रंग लावला, पुसला, वर पांढरी पावडर फवारली. भेग असली की आत मुरलेला लाल रंग पावडरीवर उमटतो. दोन स्प्रिंगांवर केसासारखी लाल रेघ उमटली. नियम साधा होता. एकीवर जरी रेघ आली तरी सगळा माल परत. तो ताईसमोर अक्षरशः रडला होता. "दादा तिकडे नळ्यांत आहे, आणि मी त्याला पहिली बातमी ही देऊ? सहा काढून ठेव. उरलेल्या अठरा बसवू. दोन महिन्यांत नव्या आल्या की गुपचूप बदलू." ताईने दोन दिवस नाही म्हटलं. तिसऱ्या दिवशी सही केली.

दोन महिन्यांनी नव्या स्प्रिंगा आल्याही. पण बदलायच्या तर नऊ लिफ्ट दिवसभर बंद ठेवाव्या लागणार, मिस्त्री विचारणार, इमारतीतले विचारणार, दादा विचारणार. आज करू, उद्या करू. दरम्यान आपल्या इमारतीत पोरांना त्याने जिन्याने पाठवायला सुरुवात केली. बायकोलाही व्यायामच सांगितला. संध्याकाळी घरी जाताना लिफ्टचं दार लागल्याचा आवाज आला की तो जिन्यात थांबायचा आणि ती वर पोचेपर्यंत श्वास धरून ठेवायचा. रोज.

दादाने मुलाबाळांच्या व्यायामाबद्दल काही विचारलं नाही. तो जन्मभर लिफ्टच्या धंद्यात होता.

"तुझ्या इमारतीतली लिफ्ट आपलीच आहे," तो हळू म्हणाला. "ब्रेकचं काम मी आजारी असताना झालं. काय बसवलंय त्यात?"

त्याची नजर धाकट्यावरून ताईकडे गेली.

"ताई?"

ताईने सगळं सांगितलं. सहा तपासल्या, दोनांवर भेगा निघाल्या, अठरा न तपासता गेल्या. सही माझी. आज सकाळी एक लिफ्ट वीतभर खाली घसरली. सांगताना ती दादाच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि प्रत्येक वाक्यागणिक वाटत होतं, की आता हा कोसळेल आणि तेही आपल्याच हातून झालेलं असेल.

दादाचा हात छातीकडे गेला. खुर्च्या सरकल्या, बिट्टी किंचाळली, धाकटा पाण्याकडे धावला. दादाने खिशातून गोळीची डबी काढली, गोळी जिभेखाली ठेवली आणि डोळे मिटले. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे जाताना दिसत होता. कुणाला त्याला हात लावायचाही धीर होत नव्हता.

"मला काही झालेलं नाही," अखेर तो डोळे न उघडता म्हणाला. "माझ्याकडे बघू नका. नऊ लिफ्ट चालू आहेत."

"बाबा, एक मिनिट." बिट्टी काकाच्या बाजूला जाऊन उभी राहिली. "परवा रुग्णालयाची माणसं येतायत. आज एका दिवसात नऊ लिफ्ट बंद केल्या तर गावभर होईल. सोमवारी दुपारपर्यंत ते गेले की लगेच बंद करू. दोनच दिवस. चार महिने काही झालं नाही, तर..."

ताईने तिच्याकडे बघितलं. अगदी हेच, जवळजवळ याच शब्दांत, तिने चार महिन्यांपूर्वी ऐकलं होतं. आणि तेव्हा ते किती शहाणपणाचं वाटलं होतं!

"बिट्टी बरोबर बोलतेय," माई म्हणाली. तिचा चष्मा हातात आला होता. "दोन दिवसांनी काय बिघडतं? या दोघांना पोलीस घेऊन गेले तर? आणि तुझी तब्येत ही अशी. अण्णांची गोष्ट वेगळी होती रे. तेव्हा आपल्याकडे होतं काय घालवायला?"

दादाने आता डोळे उघडले. आईला तो उलट बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"माई, सकाळी त्या लिफ्टमध्ये दोन बायका होत्या. वीतभर घसरली म्हणून घरी गेल्या." त्याला दम लागला. थांबून तो बिट्टीकडे वळला. "तूच म्हणालीस ना, ज्याच्यापायी काही सोडावं लागतं तेच आपलं? मग आज कळेल आपल्याकडे काय आहे. काही नसलं तर नसलं. पण मग रुग्णालयाच्या लोकांना कागद द्यायचा नाही. त्या इमारतीत माणसं खाटेवर झोपून लिफ्टने जाणार आहेत. त्यांना जिना नाही."

बिट्टीच्या डोळ्यांतून पाणी आलं. मिनिटापूर्वी आपण काय बोललो ते तिला आत्ता ऐकू आलं असावं. तिने खडू ठेवला आणि फोन ओढला. "यादी दे आत्या."

धाकट्याने पहिला फोन बायकोला लावला. "लिफ्ट बंद करायला सांग खाली. आत्ता. नाही, व्यायाम नव्हता तो. घरी आल्यावर सांगतो." त्याने फोन कानापासून दूर धरला तरी पलीकडचा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू येत होता.

पुढच्या अर्ध्या तासात दादा आणि बिट्टीने सात इमारतींच्या लिफ्ट बंद करवल्या. कुणी चिडलं, कुणी लेखी मागितलं, एका ठिकाणी रखवालदाराला मेन स्विच कुठे आहे तेच ठाऊक नव्हतं, त्याला दादाने फोनवरून गच्चीपर्यंत नेलं. धाकट्याची धरून आठ झाल्या. नववीचा फोन कुणी उचलेना. सकाळी घसरली होती तीच ती. उंच मिस्त्री आता गावाच्या दुसऱ्या टोकाला होता.

"मी जाते," ताई म्हणाली.

"मीही," धाकटा म्हणाला. गाडीत सिग्नलला तो स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता आणि ती मनातल्या मनात त्या इमारतीचे मजले मोजत होती. दहा.

खालच्या दालनात शिरल्यावर ताईचं लक्ष आधी लिफ्टवरच्या आकड्यांकडे गेलं. चार. पाच. लिफ्ट वर चालली होती. रखवालदाराची खुर्ची रिकामी होती.

"आत कोणीतरी आहे," धाकटा म्हणाला.

दोघं जिन्याने पळत सुटले. आठव्या मजल्यावर ताईला दिसेनासं झालं, तरी ती कठडा धरून चढत राहिली. गच्चीवरच्या मशीनरूमचं दार धाकट्याने खांद्याने उघडलं. मधल्या वेळात लिफ्ट खाली जाऊन पुन्हा वर निघाली होती; यंत्र चालू होतं, ड्रम फिरत होता. धाकट्याने मेन स्विचकडे हात नेला.

"थांब!" ती ओरडली. "आत माणूस असेल. आत्ता वीज तोडलीस तर सगळा भार त्याच ब्रेकवर येईल. त्याला आधी उतरू दे."

मग थांबण्याखेरीज हातात काही उरलं नाही. ड्रम मंदावला. ब्रेकचे जबडे खट्कन मिटले, आणि तरीही दोरी सरकली. बोटभर, दोन बोटं. धाकट्याने ताईचं मनगट इतकं घट्ट धरलं की त्यावर पुढे आठवडाभर वळ राहिले. दोरी थांबली. खालून दार उघडल्याचा आवाज आला, मग काठीची टकटक, एक, दोन, तीन, आणि दार पुन्हा लागलं.

ताईने स्विच खाली ओढला.

मग ब्रेकचं झाकण काढून तिने टॉर्च मारला. डावीकडची स्प्रिंग मधोमध तुटून दोन तुकडे झाले होते. तुटलेल्या कडेचा अर्धा भाग जुन्या भेगेचा, काळपट होता, अर्धा ताजा चकचकीत. उजवी एकटीच सगळं धरून उभी होती, आणि तिच्यावरही काय असेल ते रंग लावल्याशिवाय सांगता येणार नव्हतं. धाकटा तिथेच तेलकट जमिनीवर बसला आणि त्याला उलटी झाली. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. लहानपणी ती असाच फिरवत असे.

दोघं खाली उतरू लागले तेव्हा नवव्या मजल्यावर एक बाई दार उघडून उभी होती. तिच्या मागे, काठी भिंतीला टेकवून, एक म्हातारे गृहस्थ बूट काढत होते.

"लिफ्ट तुम्ही बंद केलीत?" बाईने विचारलं. "बाबांना चार वाजता दवाखान्यात न्यायचंय. पुन्हा काय झालं? सकाळीच तर दुरुस्त करून गेले ना तुमचे लोक?"

काहीतरी थातूरमातूर उत्तर ताईच्या अगदी ओठांवर होतं. नेहमीची देखभाल. वरून आदेश. तिने ते गिळलं.

"ब्रेकची स्प्रिंग तुटलीय. दुरुस्त झाली नव्हती. दोष आमचा आहे. ती बसवायलाच नको होती."

बाई क्षणभर गोंधळली. मग तिच्या लक्षात आलं. "तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"पक्कं नव्हतं. शंका होती."

"कधीपासून?"

"चार महिने."

"ताईने नाही म्हटलं होतं," धाकटा मागून म्हणाला. "मी बसवायला लावली."

बाईने वळून वडिलांकडे पाहिलं. त्यांना बहुधा कमी ऐकू येत असावं. एक बूट हातात घेऊन ते पाहुण्यांकडे बघून हसत होते. तिने दार अर्धं ओढून घेतलं, त्यांना आड करावं तसं.

"दुरुस्तीला कधी येणार?"

"आज संध्याकाळी. मी स्वतः येते, आणि चार वाजता यांना खाली न्यायलाही माणसं आणते. खुर्चीवरून नीट..."

"नको," बाई म्हणाली. ती ओरडली नाही. "त्यांना मी नेईन. आणि लिफ्टला दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. तुम्ही दोघं नको."

दार लागलं. आतून कडी घातल्याचा आवाज आला.

ताई जिन्यातच उभी राहिली. पर्समधला फोन वाजत होता. तिने तो कानाला लावला.

"नववी?" दादाने विचारलं.

"बंद आहे. वेळेत पोचलो. अगदी वेळेत." आणि मग बाई जे म्हणाली ते तिने जसंच्या तसं सांगितलं.

पलीकडे बराच वेळ नुसता दादाचा श्वास ऐकू येत होता. ताई तो मोजत राहिली.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "दुसऱ्या कंपनीचा माणूस बघतो. रुग्णालयाला बिट्टीने आत्ताच फोन केला, सगळं सांगितलं. सोमवारी यायचं की नाही ते कळवतील म्हणाले. आवाजावरून येतील असं वाटत नाही." तो थांबला. "तुम्ही या आता परत. जपून या."